पहिल्या चहाला कुत्र्याचा विषय नाही

कुत्र्याचे केस आणि कुत्र्यांचे किस्से, दोन्ही झटकून जात नाहीत! उस्मानपुऱ्यात जोशी मॅडमचा जनावरांचा दवाखाना आहे. तिथं मी कुत्र्यांना धरते, मालकांना आवरते आणि मधल्या वेळात फोन उचलते. घरी गेल्यावर ओढणीवरचे केस कसेबसे निघतात, किस्से मात्र तिथंच चिकटून राहतात. त्यातले बरेचसे शनिवारच्या बैठकीतले आहेत.

शनिवारी दुपारी मॅडम पुढच्या व्हरांड्यात सतरंजी टाकतात. ज्यांची कुत्री खात नाहीत, घाबरतात, रडतात, असे मालक आपापली कुत्री घेऊन तिथं बसतात. नियम एकच. पहिला चहा संपेपर्यंत कुत्र्याचा विषय काढायचा नाही, माणसानं स्वतःचं सांगायचं!

मला ही सगळी थेरं वाटायची. कुत्र्याच्या दवाखान्यात माणसांची विचारपूस कशाला, असं मी मॅडमना तोंडावर विचारलंही होतं.

"कुत्रं आपल्याकडं बघून जगतं गं," मॅडम म्हणाल्या. "तू चहा टाक."

*

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कुलकर्णी काका, नुकतेच रिटायर झालेले. त्यांचा ब्रुनो दिवसभर भेसूर रडायचा. शेजाऱ्यांनी भांडण काढलं होतं.

चहा घेताना मॅडमनी विचारलं, "काका, दिवसभर काय करता?"

"काही नाही. या खोलीतून त्या खोलीत जातो." मग कपात बघत म्हणाले, "आणि परत येतो."

मॅडमनी ब्रुनोला औषध दिलंच नाही. काकांना सांगितलं, रोज सकाळी क्रांती चौकात जायचं, जुने मित्र गाठायचे, पोटभर राजकारण बोलायचं आणि मगच घरी यायचं. काका चिडले. "अहो, कुत्रा बिघडलाय, मी नाही!" पण गेले. महिन्याभरात ब्रुनोचं रडणं थांबलं. काका घराबाहेर पडले की तो पाय ताणून झोपायला लागला!

काका मात्र अजून दर शनिवारी येतात, तेही ब्रुनोला घरी ठेवून. मी एकदा टोकलंच, "काका, ब्रुनो तर बरा झाला ना?"

"तो झाला हो. माझा कोर्स कुठं संपलाय?"

*

विष्णूभाऊ गायके शेंद्र्याचे. एमआयडीसीत शिफ्ट करतात आणि उरलेल्या वेळात शेत बघतात. आमच्याकडे आले ते कुत्र्याला, टिप्याला, शेवटचं इंजेक्शन मागायला.

झालं असं होतं की पिकअप मागं घेताना चाकामागं झोपलेला टिप्या त्यांना दिसला नाही. कंबरेचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण टिप्या उठेना. घरात थोरल्या भावाचा शब्द चालायचा. ते सोबत आले होते. "किती दिवस हाल करायचे त्याचे? सोडवा एकदाचं," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्यालाही ते बघवत नव्हतं.

मॅडमनी एक्स-रे परत पाहिला. "दिवाळी होऊ द्या. तोवर शनिवारी येत जा. त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं करू."

विष्णूभाऊ यायला लागले. एक शब्द बोलायचे नाहीत. चहावर साय धरायची, तरी कप तसाच असायचा.

*

चिंगी नावाची पॉमेरेनियन होती. नवराबायकोचं भांडण झालं की हिचं पोट बिघडायचं. दोघं चहा पिताना चिंगीवरून नाही तर एकमेकांवरून सुरू झाले, आणि चिंगीनं सतरंजीवरच निकाल दिला!

पुसायला अर्थातच मी.

मॅडम म्हणाल्या, "भांडू नका असं मी म्हणत नाही. फक्त कुजबुजत भांडा."

पुढच्या शनिवारी बाई तणतणत आल्या. "मॅडम, तुमच्यामुळं माझी चार वाक्यं वाया गेली! कुजबुजत 'तुमची आई' म्हटलं, तर हे हसायलाच लागले."

चिंगी मांडीवर घोरत होती.

*

एक हवालदार होते. एवढ्या मिशा! फटाका वाजला की त्यांचा सुलतान पलंगाखाली शिरायचा. पहिल्या चहाला साहेब बराच वेळ मिशी ओढत बसले आणि मग म्हणाले, "खरं सांगू का? सुलतान नंतर भितो. आधी मी भितो."

कुणी हसलं नाही.

"लहानपणापास्नं. आवाज झाला की हात आपोआप पट्टा आवळतो. डिपार्टमेंटला नाय सांगता येत हो."

"मग यंदा फटाका वाजला की चकली तोंडात टाका," मॅडम म्हणाल्या. "चावताना माणूस आवळून बसत नाही."

दिवाळीनंतर साहेब पोट सावरत आले. "सुलतान लई मजेत आहे मॅडम. माझी पँट बसंना!"

*

या सगळ्यात, दिवाळीच्या आधीच, एका शनिवारी विष्णूभाऊ फोन घ्यायला फाटकाबाहेर गेले. मी सहज वळून पाहिलं तर टिप्या उभा! डगमगत होता, पण चार पायांवर उभा. मी ओरडले. विष्णूभाऊ धावत आले, त्याच्यासमोर गुडघ्यांवर कोसळले आणि रडायला लागले. "माफ कर रे मला, माफ कर."

टिप्या लगेच खाली बसला आणि त्यांचे गाल चाटायला लागला.

मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघितलंस? मालक उठल्याशिवाय तो कसा उठेल?"

त्या दिवसापासून शनिवारचा चहा मी आलं घालून करते.

*

दिवाळी सरली. त्या एका शनिवारनंतर टिप्या पुन्हा काही उठला नव्हता. गायके बंधू आले. गाडी थोरल्यांनीच चालवत आणली होती. "आज काय ते होऊन जाऊ द्या," ते म्हणाले आणि सतरंजीवर न बसता फाटकाशी लावलेल्या पिकअपमध्ये जाऊन बसले.

हवालदारांनी विष्णूभाऊंच्या हातात कप दिला. "भाऊ, मी फटाक्याला भितो म्हणालो, कुणी हसलं का? तुम्ही बी बोला."

विष्णूभाऊंनी पहिल्यांदा घोट घेतला. "मी त्या दिवसापास्नं चावीला हात लावला नाय. पह्यलं माल घेऊन मोंढ्यात निघालो की टिप्या पुढं बसायचा, माझ्या शेजारी. खिडकीतून तोंड काढून."

"जा, नुसती सुरू करून या," मॅडम म्हणाल्या.

"आवाजानं बिथरंल तो, मॅडम."

"तो आमच्याजवळ आहे. तुम्ही जा."

ते गेले. ते येताना बघून थोरले शेजारच्या सीटवर सरकले. विष्णूभाऊ स्टिअरिंगमागं बसले, आणि बसूनच राहिले. मी टिप्याचा पट्टा मनगटाला गुंडाळून घट्ट धरला. इंजिन लागलं की हा पळायला बघणार, किंवा लघवी करणार, याची मला खात्री होती.

इंजिन लागलं.

टिप्याचे कान उभे राहिले. मग टिप्या उभा राहिला. मॅडमनी माझ्या मनगटाचा पट्टा सोडवला. मागचा एक पाय ओढत, थांबत, पुन्हा निघत तो व्हरांडा उतरला, फाटकातून बाहेर गेला, गाडीला पुढून वळसा घालून थोरल्यांच्या दाराशी उभा राहिला आणि वर बघून भुंकला. कुलकर्णी काका चष्मा काढून डोळे पुसत होते. मलाही समोरचं नीट दिसेना.

विष्णूभाऊ या खेपेला गुडघ्यांवर आले नाहीत. जागेवरनंच म्हणाले, "दादा, उठा तिथनं. त्याची जागा हाय ती!"

थोरले खाली उतरले. टिप्याला दोन्ही हातांनी उचलून सीटवर ठेवलं, दार अलगद लावलं आणि टोपी सावरत निमूट मागच्या हौद्यात जाऊन बसले.