भिंगकाका आणि दोन नाभी

भिंगकाकांचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर पाचचा लावलेला असे, पण गजरावर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून ते पंधरा मिनिटं आधीच उठून तो वाजतो की नाही ते पाहत बसत. वाजला की बंद करत आणि चहाचं आधण ठेवत.

साडेसहाला ते बियाण्यांच्या कारखान्यात हजर असत. काम बसून करायचं, म्हणून पोती वाहणाऱ्यांना ते हलकं वाटे. त्यांनी एक दिवस करून पाहायला हवं होतं. एका नमुन्यात सोयाबीनचे चारशे दाणे, दिवसाला अकरा नमुने. प्रत्येक दाणा चिमट्यानं उचलायचा, वळवायचा, भिंगाखाली धरायचा आणि त्याच्या पोटावरची बारीक लांबट खूण बघायची. दाणा शेंगेत असतो तेव्हा एका इवल्या देठानं तिला चिकटलेला असतो. तो देठ तुटला की ही खूण मागे राहते. तिला नाभी म्हणतात. तक्त्यावर मात्र इंग्रजी अक्षरांत ‘हायलम’ छापलेलं होतं, आणि बावीस वर्षं रोज पाहून काकांना तेवढा एक इंग्रजी शब्द झोपेतही ओळखता आला असता. एका वाणाची नाभी काळी, दुसऱ्याची तपकिरी, तिसऱ्याची पिवळट. काळ्यांत चार तपकिरी निघाल्या की पोतं नापास.

या कामानं काका संशयी झाले, की मुळात संशयी म्हणून काम जमलं, हे घरात कधी ठरलं नाही. बायको म्हणायची, “लग्नाच्या दिवशीसुद्धा मला उजेडात नेऊन बघितलंत.”

“मग? पसंत केलेली तीच आहे का, बघायला नको?”

पण त्यांच्या सगळ्या संशयांचा मुकुटमणी म्हणजे गोदाम सांभाळणारे किल्लीवाले. या गृहस्थांच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेली गोदामाची लांब दातेरी किल्ली असे. ती ते जेवताना काढत नसत आणि झोपतानाही काढत नसत. इतकी जपतो म्हणजे आत काहीतरी जपण्यासारखं आहे, असा काकांचा हिशेब. आणि माझीच पोती नेमकी नापास कशी होतात, असा किल्लीवाल्यांचा सवाल. दोघांत विस्तव जात नव्हता. बोलत मात्र अहो-जाहो, कारण शिव्या अहो-जाहोत जास्त लागतात.

त्या वर्षी कामगारांची छाती तपासायला एक्स-रेची गाडी कारखान्याच्या अंगणात आली. गोदामाची धूळ सगळ्यांच्याच छातीत जात होती, त्यामुळे तपासणी सक्तीची होती. यादीत किल्लीवाले सातवे, काका आठवे. सातवा नंबर पुकारला तरी किल्लीवाले जागचे हलेनात.

“जा की,” काका म्हणाले.

“तुम्ही जा आधी. मी आत डोळे मिटून श्वास रोखून उभा राहणार आणि तुम्ही इकडे गोदामापाशी मोकळे? नको.”

“किल्ली तुमच्याच गळ्यात आहे ना?”

“खिडकी आहे की.”

“बरं, जातो. तुमच्या मागून गेलो असतो तर तुम्ही यंत्रात काय करून ठेवलं असतंत कुणास ठाऊक.”

काका आधी गेले, किल्लीवाले नंतर. आतल्या माणसानं मान वर करून पाहिलं नाही. तो यादीवर खुणा करत राहिला.

दहा दिवसांनी पाकिटं आली. काकांच्या पाकिटात काळी फिल्म आणि चार इंग्रजी ओळींचा कागद होता. दुसऱ्या ओळीत त्यांचा ओळखीचा शब्द होता. काकांच्या मनात पाल चुकचुकली. बियाण्याच्या कागदावरचा शब्द माझ्या छातीच्या कागदावर कशाला?

थोरली लेक परिचारिकेचं शिकत होती. तिनं कागद वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

“बाबा, उजव्या फुफ्फुसाची नाभी मोठी दिसतेय. तिथल्या गाठी सुजल्या असाव्यात. लगेच तपासून घ्यायला सांगितलंय.”

“फुफ्फुसाला कसली नाभी?”

तिनं पुस्तक उघडून चित्र दाखवलं. “श्वासाची नळी आणि रक्तवाहिन्या फुफ्फुसात जिथून शिरतात ना, ती जागा. मूत्रपिंडालाही असते.”

“दाण्याची नाभी म्हणजे बंद झालेलं दार. देठ गेला, काम संपलं. हे तर चालू दार आहे. दोघांना एकच नाव? कुणीतरी कामचुकारपणा केलेला दिसतोय.”

“बाबा, चेष्टा नको. हे गंभीर आहे.”

काकांची चेष्टा नव्हती. बायको पदर डोळ्यांना लावून बसली होती. काका मात्र कपाटावरची पेटी खाली काढत होते. तीन वर्षांपूर्वी ते पोत्यांच्या थप्पीवरून पडले होते, डावीकडची एक बरगडी मोडली होती, तेव्हाची फिल्म पेटीत होती. दोन्ही फिल्मा त्यांनी खिडकीच्या काचेवर चिकटवल्या, भिंग काढलं आणि दाणे बघावेत तशी एकेक बरगडी वरून खाली बघायला सुरुवात केली.

जुन्या फिल्मवर जोडलेल्या बरगडीला गाठीसारखा फुगवटा होता. नव्या फिल्मवर त्याच जागी बरगडी सरळ, गुळगुळीत.

“ही माझी छाती नाही,” काका म्हणाले.

“अहो, देवच पावला!” बायको म्हणाली.

लेकीनं दोन्हीकडे निरखून पाहिलं. “खरंच की. बाबा, मग ही कुणाची?”

काकांचं भिंग नव्या फिल्मच्या वरच्या कोपऱ्यात, खांद्याच्या कडेला थांबलं होतं. तिथे पांढरे स्वच्छ तीन दाते दिसत होते. किल्ली काढायला सांगितल्यावर त्या पठ्ठ्यानं ती नुसती पाठीवर सरकवली होती.

त्या रात्री काकांना नीट झोप लागली नाही. ज्या माणसाला बावीस वर्षं पाण्यात पाहिलं, त्याच्या छातीत काहीतरी वाढत होतं, आणि त्याच्या घरी मात्र निरोगी छातीचा कागद पोचला होता.

सकाळी ते आधी गाडी पाठवणाऱ्या दवाखान्यात गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, “काका, कागदावर वाईट आलं की प्रत्येकालाच वाटतं फिल्म दुसऱ्याची आहे.”

“आणि चांगलं आलं की?”

“तेव्हा कुणी येत नाही.”

“म्हणूनच तो आला नाही,” काका म्हणाले आणि तडक गोदामात गेले.

किल्लीवाले पोती मोजत होते. मधूनमधून खोकत होते. काकांनी सगळं सांगितलं. बरगडी, दाते, यादीतला सातवा आणि आठवा नंबर, अगदी क्रमानं. किल्लीवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते हसले.

“छान रचलंय. म्हणजे मी सुट्टी घेऊन दवाखान्यात झोपायचं, आणि किल्ली कुणाकडे? तुमच्याकडे?”

“मला तुमची किल्ली नको. तुमचा खोकला कधीपासून आहे?”

“धुळीचा आहे.”

“धूळ मीही खातो. मी खोकतो का? आणि अंगरखा असा पोत्यासारखा लोंबतोय तो का?”

किल्लीवाल्यांनी अंगरख्याकडे पाहिलं. मग काकांकडे.

“तुम्हाला काय मिळणार यातून?”

“काही नाही.”

“काही न मिळता तुम्ही काही केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.”

“माझ्याही नाही,” काका म्हणाले. “म्हणून तर ऐका. दोघांची नवी फिल्म काढू, बाहेरच्या दवाखान्यात. पैसे माझे. नाव आधी लिहून घेऊ, आणि तुम्ही आत असताना मी दारात उभा राहीन. गोदामाकडे गेलो तर ओरडा.”

नमुना संशयास्पद वाटला की दुसरा काढायचा आणि पिशवीवर नाव आधी घालायचं, ही कारखान्याचीच रीत होती. तिला किल्लीवाल्यांना नाही म्हणता येईना.

रविवारी दोघं गेले, पण गाडीत शेजारी बसले नाहीत. काकांनी तिथल्या मुलीला प्रश्न विचारून हैराण केलं. नावाची पट्टी कोण लावतं, कधी लावतं, शाई पुसली जाते का. मग किल्लीवाल्यांचा नंबर आला.

“गळ्यातलं सगळं काढा,” मुलगी म्हणाली.

किल्लीवाले उभेच राहिले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. शेवटी दोरा डोक्यावरून काढला आणि दारात उभ्या असलेल्या काकांच्या तळहातावर किल्ली ठेवली.

“मोजून तीन दाते आहेत,” ते म्हणाले.

“माहीत आहेत. बघितलेत.”

काका मूठ मिटून उभे राहिले. किल्ली अंगाच्या उबेनं गरम होती.

नाभी मोठीच निघाली. थुंकी तपासल्यावर क्षयाचं निदान झालं, वेळेत. काकांच्या फिल्मवर बरगडीची गाठ होती आणि बाकी सगळं साफ होतं. पुढे सहा महिने किल्लीवाल्यांच्या गोळ्या चालल्या. सुरुवातीला ते घरीच होते, मग हळूहळू कामावर आले. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत, पण घेतो म्हणतात आणि घेत नसतील, या संशयानं काका रोज त्यांच्यासमोर उभे राहत.

“जीभ वर करा.”

“केली. आता खाली करू?”

“थांबा, उजेडात या.”

गोदामातली पोती मात्र तशीच नापास होत राहिली. त्यात काकांनी एका दाण्याची सवलत दिली नाही, आणि किल्लीवाल्यांनी ती मागितली नाही.

सहा महिन्यांनी काका निवृत्त झाले. बायकोला वाटलं होतं, शेवटच्या पगारातून नवी खुर्ची येईल, मानेला टेकू असलेली. खुर्ची पुढच्या वर्षी आली. रोजच्या चार हजार चारशे दाण्यांच्या त्या शेवटच्या दिवसांचा पगार घेऊन काका किल्लीवाल्यांसह बाहेरच्या दवाखान्यात गेले, नाव आधी लिहून घेतलं, किल्ली मुठीत धरली आणि तिसरी फिल्म काढवली. दोन्ही फुफ्फुसांच्या नाभी आता सारख्या होत्या.