आक्कांची गाडी आणि माझं करडईचं तेल

कबूल करून टाकते... गाडीच्या ब्रेकमध्ये मी एकदा करडईचं तेल ओतलं होतं. ज्या तेलात भजी एवढी फुलतात, ते ब्रेकला का चालू नये, हा माझा तेव्हाचा विचार. नवी नवरी होते, अक्कल माहेरीच विसरून आले होते!

माझ्या थोरल्या नणंदबाई, आमच्या आक्का, गेल्या महिन्यात वारल्या. जळकोटात शाळेवर बाई होत्या. जुनी गाडी स्वतः चालवायच्या, स्वतःच दुरुस्त करायच्या. परवा नातीला पायडल दाबायला बसवून मी त्याच गाडीच्या ब्रेकमधली हवा काढली, अन् सगळं आठवलं. या कामाला दोन माणसं लागतात. त्या काळी आक्का पाना घेऊन चाकाशी, मी सीटवर. त्यांनी 'दाब' म्हणून हुकूम सोडला की मी पायडल दाबून धरायचं, त्या नट ढिला करून बुडबुड्यांसकट तेल बाहेर सोडायच्या, नट आवळला की मगच माझा पाय वर. सासरी माझ्यावाचून अडतंय म्हणून मी कोण फुगलेली!

त्या दिवशी इंजिनाजवळच्या डबीतलं ब्रेकचं तेल उतरलं. "डिकीत नवा डबा हाय, भर," म्हणून आक्का हात धुवायला गेल्या. डिकी मला उघडेना, विचारायची लाज. सरळ स्वयंपाकघर गाठलं...

"भरलंस का गं?"

"व्हय आक्का."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सासूबाईंना डोळे दाखवायला सोलापूरला निघाल्या. गाडीत बसता बसता सासूबाई म्हणाल्या, "हायवेला ट्रकमागं थांबंल ना गं ही?"

"थांबंल की. नवं तेल भरलंय तुझ्या सूनबाईनं. त्यात दुसरं तेल गेलं तरच रबरं फुगून ब्रेक जातेत."

बोलले तर माहेरी रवानगी, न बोलले तर या दोघी... गाडी सुरू झाली तशी मी पुढं जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिले. "आक्का, उतरा! मी करडईचं घातलंय!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. आक्कांनी नुसती चावी काढली. मग चार दिवस सगळं खोलणं, धुणं, नवी रबरं बसवणं, आणि मदतीला मला हाक नाही. मी गुपचूप पिशवी भरून ठेवली. पाचव्या दिवशी अंगणातून हाक आली. खाली मान घालून गेले, तर आक्काच सीटवर बसलेल्या. पाना माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "खरं बोलायला गाडीपुढं आडवी येती, तिच्या हाती माझे ब्रेक द्यायला मला भ्या न्हाय. बस चाकाशी. अन् हुकूम जोरात सोड, नणंद हाय म्हणून लाजू नको!"