पंक्चरची थट्टा

इदालिया मोंतेसच्या घरी रविवारी सगळे जेवायला बसले की तिचा धाकटा भाऊ चेमा एक प्रश्न विचारायचाच.

"काय दाजी, टायर ठीक आहे ना?"

तिची आई अंपारोबाई ठसका लागेपर्यंत हसायची. इदालियाचा नवरा एफ्रेन मान खाली घालून रोटी मोडत राहायचा. इदालियाही हसायची. किस्सा तिला पाठ होता. दोघांच्या लग्नाआधी एल पासोमध्ये मावसबहिणीचं लग्न होतं आणि एफ्रेन तिथे पोहोचलाच नव्हता. चेमाच्या गाडीचं टायर वाटेत फुटलं होतं आणि एफ्रेन तिथूनच परत फिरला होता म्हणे. नाच संपत आला तेव्हा चेमा एकटाच उगवला, दोन्ही हात काळे झालेले. तोवर इदालिया नव्या झग्यात दाराकडे बघत बसली होती.

तिचा जन्मही एल पासोचाच, नदीपलीकडच्या अमेरिकेतला. अलीकडच्या, मेक्सिकोतल्या हुआरेसमधल्या ज्या बायकांना जमायचं त्या बाळंतपणाला पूल ओलांडून पलीकडे जायच्या. अंपारोबाई दोन्ही खेपांना गेली आणि परत येऊन पोरांची इकडेही नोंद केली. म्हणून बहीणभावाकडे दोन-दोन पासपोर्ट. एफ्रेन मात्र नदीच्या अलीकडचा.

लग्नानंतर इदालिया हुआरेसमध्येच राहिली. घराच्या खिडकीतून ती बरितो विकायची, रोटीत सारण गुंडाळलेले. लाल मिरचीच्या रश्श्यातलं डुकराचं मांस, बटाटा, चीज भरलेल्या हिरव्या मिरच्या. कारखान्याच्या बसची वाट बघणारे कामगार तिथे रांग लावायचे. पाटी नव्हती. 'इदालियाची खिडकी' म्हटलं की टॅक्सीवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना कळायचं.

एफ्रेन ज्या गॅरेजात रेडिएटर दुरुस्त करायचा ते बंद पडलं, तेव्हा दोघांनी पलीकडे राहायला जायचं ठरवलं. बायको अमेरिकन, तेव्हा नवऱ्याच्या व्हिसाला अडचण कसली, असं सगळे म्हणाले. अडचण निघाली ती इदालियाच्याच बाजूने. नवऱ्यासाठी अर्ज करणारी बायको स्वतः परदेशात राहत असेल तर नुसतं नागरिकत्व पुरत नाही. तिचं घर अमेरिकेत आहे, निदान होणार आहे, हे दाखवावं लागतं. इदालियाने खिडकी बंद केली. चेमाच्या एल पासोतल्या घरी एक खोली घेतली आणि हॉटेलच्या चादरी धुण्याच्या कामाला लागली. रविवार तेवढा नवऱ्याचा.

मुलाखत हुआरेसच्याच अमेरिकन वकिलातीत होती. आत फक्त एफ्रेनला सोडलं. इदालिया समोरच्या फोटोवाल्याच्या दुकानात बसून राहिली. तो बाहेर आला तेव्हा फोटोवाल्याने त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि दुसरी खुर्ची पुढे सरकवली.

"नाही म्हणाले," एफ्रेन म्हणाला.

"काय कमी पडलं? देऊ आणून."

"कमी काही नाही. माझ्या बोटांचे जुने ठसे निघाले त्यांच्याकडे."

"कुठले ठसे?"

"टायर फुटलं ना, त्या दिवसाचे."

मग त्याने सांगितलं. टायर फुटलंच नव्हतं. त्या काळी पुलावरच्या चौकीत गाडीत बसल्याबसल्या 'अमेरिकन' म्हटलं की पुष्कळदा हात हलवून सोडून द्यायचे. हुआरेसची निम्मी पोरं तशीच नाचायला जायची. चेमाने वाटेत त्याच्याकडून तो शब्द घोटून घेतला होता. अधिकाऱ्याने शाळा विचारली. एफ्रेनने चेमाची सांगितली. शाळेच्या फुटबॉल संघाचं नाव विचारलं, तर त्याने हुआरेसच्या क्लबचं सांगितलं. चेमाला हसू फुटलं. अधिकाऱ्याला नाही. ठसे घेतले, सही घेतली आणि एफ्रेनला चालत परत पाठवलं.

अमेरिकन नागरिक असल्याचं खोटं सांगितलं की दार कायमचं बंद होतं. त्यातून बायकोसाठीही माफी मिळत नाही.

"चेमाला माहीत होतं?"

"गाडी तोच चालवत होता."

"आणि आईला?"

एफ्रेन टोपी चाचपत राहिला. "त्यांनीच सांगितलं, पोरीला बोलू नका म्हणून. लग्न मोडेल म्हणाल्या."

"खिडकी बंद करताना मी तुला विचारलं होतं. करू ना बंद?"

"हो."

"काय म्हणालास?"

"कर म्हणालो." मग हळूच, "चेमा म्हणत होता, इतकं जुनं काही कॉम्प्युटरात नसतं."

रविवारी ती जेवायला आली. ताट वाढलं, पण हात लावला नाही.

"अगं ताई, साधी थट्टा होती," चेमा म्हणाला.

"मीही हसत होते की. कशाला हसत होते रे मी?"

"मी तुझा संसार वाचवला," अंपारोबाई म्हणाली. "खरं कळलं असतं तर केलं असतंस लग्न याच्याशी?"

"केलं असतं, आई. आणि खिडकी चालू ठेवली असती."

चेमाने मीठ मागितलं, ते कोणी दिलं नाही.

आता ती परत येईल आणि खिडकी उघडेल, असं गल्लीत सगळे धरून चालले होते. तिला कोणतीच बाजू बंद नव्हती. बंद होती ती एकट्या एफ्रेनला. बसच्या रांगेतले लोक खिडकीच्या पत्र्यावर टकटक करून जायचे. तिने चेमाची खोली सोडली आणि धुलाईच्या कामाजवळ दुसरी घेतली, मागे स्वयंपाकघर असलेली.

नंतर एकदा ती हुआरेसला आली ती बरितोच्या रोट्या भाजायचा तवा न्यायला. दोन हातांनी उचलावा लागेल असा लोखंडी तवा, वर्षानुवर्षांच्या काजळीने माखलेला. एफ्रेनने तो उचलला आणि काही न विचारता पुलापर्यंत आणला. चढावर त्याला दम लागला, पण खाली ठेवला नाही. पुलाच्या मध्यावर हद्दीची पाटी आहे. तिथे तो थांबला.

"इथून पुढे जड जाईल तुला."

"इथून पुढचं माझं मी बघते."

"रविवारी?"

तिने तवा घेतला आणि छातीशी धरून रांगेत जाऊन उभी राहिली. मागे वळून पाहिलं नाही. एफ्रेन पाटीपाशी उभा होता. दोन्ही हात काळे झाले होते आणि पुसायला त्याच्याकडे काही नव्हतं.