घसरणारा पांढरा गियर

गियर उजव्या कानाशी धरायचा, अंगठा दातांवर दाबायचा आणि दुसऱ्या हाताने मधली दांडी पिळायची. 'कट' असा आवाज आला की मान हलवायची आणि म्हणायचं, "अडला काय सुटाक व्हया, बाय." अडलं की सुटलं पाहिजे. तो गियर पास, मग पुढचा. दिवसाला शे-दीडशे गियर हा माणूस असे कानाला लावायचा आणि आम्ही पॅकिंगच्या बायका टेबलाच्या अलीकडे तोंड दाबून हसायचो. "काकांचा ट्रंककॉल लागला वाटतं," असं कुणीतरी म्हणायचं, आणि काकाही हसायचे.

अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, आमचा गाळा होता. ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, नटबोल्ट, चाकं, दांड्या असं सगळं एका खोक्यात भरून द्यायचं आणि मुलांनी त्यातून क्रेन नाहीतर पवनचक्की बनवायची, असा तो खेळ. मोठ्या खोक्यात बॅटरीवर चालणारी मोटारही असायची. माझ्याकडे पॅकिंगवर नजर ठेवायचं आणि गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचं काम होतं. मी घाटकोपरहून यायचे. वय बावीस, टायपिंगची परीक्षा पास, आणि अक्कल सगळी आपल्यालाच दिलीय असा ठाम समज.

मोठ्या खोक्यातला तो पांढरा गियर काकांचा. म्हणजे त्यांनीच काढलेला, त्यांनीच साचा बनवलेला. बाकीचे गियर पितळी आणि सरळ स्वभावाचे. हा नायलॉनचा, दोन भागांचा. बाहेर दातांचं कडं, आत वेगळा गाभा, आणि दोघांच्या मध्ये एक बारीक स्प्रिंग. क्रेनला झेपेल एवढं ओझं असलं की दोन्ही भाग बरोबर फिरायचे. ओझं जास्त झालं किंवा चाकात काही अडकलं, की बाहेरचं कडं थांबायचं आणि आतला गाभा नुसता कट-कट करत घसरत राहायचा. मोटार जळायची नाही आणि चाकात पोराचं बोट गेलंच तर चाक ते ओढून घ्यायचं नाही. हे सगळं त्यांनी पुस्तिकेत छापून घेतलं होतं. पण पुस्तिका वाचतो कोण?

पत्रं यायची ती एकाच तक्रारीची. तुमचा पांढरा गियर घसरतो. डिफेक्टिव्ह आहे. बदलून द्या. मी एकच ठरलेलं उत्तर टाइप करून पाठवायचे, आणि शेठ दर सोमवारी कपाळाला हात लावायचे.

"काका, तो गियर काढून टाका ना. साधा टाका. छोटी बॅटरीची मोटार, तिने कोणाचं काय वाकडं होणार?"

"शेठ, तो गियर नाय तर मी पण नाय," काका म्हणायचे. आवाज मुळीच न चढवता. शेठ तिथेच माघार घ्यायचे, कारण एवढा कसबी माणूस त्यांना दुसरा मिळणार नव्हता.

त्यांची आणखी एक खोड सांगते. शेजारच्या गाळ्यात पत्र्याचं काम चालायचं, दिवसभर घरघर. आम्हाला त्याची इतकी सवय की कानावर पडायचीच नाही. पण ती घरघर मध्येच थांबली की काकांचा हात जागच्या जागी थांबायचा. डबा खात असतील तर घास तसाच हातात. पुन्हा घरघर सुरू झाली की घास तोंडात. वीज गेली तर हे सरळ उठून शेजारी जाऊन डोकावून यायचे. मी एकदा विचारलं, "काय झालं हो काका?" तर म्हणाले, "काय नाय गो. वीज गेली." जसं काही मला ते कळलं नव्हतं!

मालवणचा माणूस, तेव्हा गणपतीला दहा दिवस गावी जाणार म्हणजे जाणारच. त्या वर्षी ते गेले आणि इकडे दिवाळीच्या ऑर्डरी आल्या. त्यातच बोरिवलीच्या एका दुकानदाराने चार खोकी परत पाठवली. कारण तेच. शेठ माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही हुशार आहात. काहीतरी करा ना."

झालं! मी हुशार आहे म्हटल्यावर काय विचारता. मी चिकटवायच्या सोल्युशनची बाटली घेतली, प्रत्येक पांढऱ्या गियरच्या गाभ्याशी एक-एक थेंब सोडला आणि रात्रभर वाळू दिला. सकाळी कडं आणि गाभा एकजीव. घसरायचं नाव नाही. अशी चोवीस खोकी मी स्वतःच्या हाताने बंद केली आणि टेम्पोत चढवली. शेठ म्हणाले, "एकदम झकास." मी चार दिवस हवेत होते.

काका परतले ते गुळात घोळलेल्या मालवणी खाज्याचा पुडा घेऊन. "घे गो, पहिला तुका," म्हणत पुडा माझ्या हातात दिला आणि आपल्या जागेवर बसले. माझ्या टेबलावर राहिलेला एक गियर त्यांनी सवयीने उचलला, कानाशी धरला आणि पिळला. आवाज नाही. पुन्हा पिळला. मग उजेडात नेऊन गाभ्याकडे पाहिलं.

"ह्यां कोणी केल्यान?"

मी सांगितलं. कौतुक होईल असं खरंच वाटत होतं मला, देवाशपथ. त्यांनी ना आवाज चढवला, ना गियर आपटला. नुसते खाली बसले. त्यांचा चेहरा इतका उतरला की मी पाणी आणायला धावले.

पाणी प्यायल्यावर त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी आधी कोणाला सांगितलं नव्हतं. तरुणपणी कुर्ल्याच्या एका कारखान्यात ते रोलर मशीनवर होते. दोन रोलरमधून पत्रा सरळ करून काढायचा. मशीनला क्लच होता. जाड पत्रा आला, काही अडकलं, की क्लच घसरायचा आणि रोलर थांबायचे. पण थांबले की काम थांबायचं आणि मुकादम शिव्या घालायचा. म्हणून एका सकाळी काकांनी पाना घेतला आणि क्लच पार आवळून टाकला. मुकादमाने पाठ थोपटली. आठवड्याभरात पत्रा लावणाऱ्या एका बाईचा पदर रोलरमध्ये गेला, पदरामागून हात गेला, आणि रोलर थांबले नाहीत.

"क्लच कोणी आवळला, ह्यां कोणी इचारूकच नाय," ते म्हणाले. "बाईचीच चूक, असा धरला सगळ्यांनी. आणि मी गप रवलंय."

"काका, तुम्हाला कुठे माहीत होतं असं होईल?"

"तुका तरी खंय म्हायत होता?" ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तिथे, पॅकिंगच्या सगळ्या बायकांसमोर, हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवसापासून काका आणि मी दुकानं फिरायला लागलो. घाटकोपर, सांताक्रूझ, बोरिवली. पिशवीत चांगले गियर, हातात यादी. दुकानदार चक्रावून जायचे. "अहो, खराब माल परत मागणारे खूप पाहिले, न घसरणारा गियर काढून घसरणारा बसवणारे तुम्ही पहिलेच!" काका हसून गियर बदलायचे, कानाशी धरून वाजवून दाखवायचे आणि पुढे निघायचे. तेवीस खोकी सापडली. चोविसावं मुलुंडच्या दुकानातून आदल्याच दिवशी विकलं गेलं होतं.

"कोणाला?"

"एक माणूस होता. बरोबर मुलगी. दोन वेण्या होत्या तिला," दुकानदार आठवून म्हणाला. "पण नाव-पत्ता आम्ही कशाला घेतोय?"

त्यानंतर काका दर रविवारी मुलुंडला जाऊन त्या दुकानासमोर उभे राहायचे. आता मुलुंडात दोन वेण्यांच्या मुली काय कमी? वडिलांबरोबर अशी कोणी दिसली की हे पुढे होऊन विचारायचे, "साहेब, तुम्ही इथून क्रेनचा खेळ नेलात काय?" कोणी हसायचं, कोणी पोरीला जवळ ओढून तरातरा निघून जायचं. एकाने तर पोलिसांना बोलवतो म्हणून दम दिला. शेवटी दुकानदारानेच दया येऊन त्यांना स्टूल दिलं. सोमवारी मी नजर वर करायचे, ते मान हलवायचे. नाही.

"काका, सोडा ना आता," मी म्हणायचे. "फार तर मोटार जळली असेल."

"तसाच असूंदे," ते म्हणायचे. "पण माका कळाक व्हया."

आणि मी काय करत होते ते सांगते. मी पत्रं उघडायचं सोडून दिलं होतं. घाबरून. कुठल्यातरी पाकिटातून एखाद्या मुलीचं बोट निघेल, तुटलेलं, चिरडलेलं, असं मला खरोखर वाटायचं. पत्र आलं की खालच्या खणात टाकायचे आणि खण पायाने बंद करायचे. शेठनी विचारलं की म्हणायचे, उत्तरं गेली.

पुढच्या वर्षी गणपतीला काका गावी गेले ते परत आले नाहीत. तार आली, आरतीला उभे असतानाच कोसळले म्हणून. त्यांच्याशिवाय साचे बिघडू लागले, माल घटला आणि सहा महिन्यांत शेठनी गाळा विकायला काढला. टेबलं रिकामी करायची वेळ आली तेव्हा तो खण उघडण्यावाचून इलाज नव्हता.

सगळ्यात खाली एक अंतर्देशीय पत्र होतं. गोल, शाळकरी अक्षर. मुलुंडचा पत्ता, त्या दुकानाच्या मागच्याच गल्लीतला. काका मुलुंडला जायला लागले त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत लिहिलेलं.

'तुमच्या पुस्तिकेत लिहिले आहे की पांढरा गियर अडल्यावर कट-कट वाजतो. आमचा वाजत नव्हता. एकदा त्यात माझे बोट अडकले आणि नख काळे झाले. आता खालून नवीन नख येत आहे. मी गियरमध्ये बघितले तर आत डिंक होता. तो मी ब्लेडने खरवडून काढला. आता गियर छान वाजतो. बाबा म्हणाले की हे तुम्हाला कळवायला पाहिजे, म्हणून कळवले.'

रिकाम्या गाळ्यात जमिनीवर बसून मी ते तीनदा वाचलं. तिचं बोट शाबूत होतं. ते पत्र आल्यानंतरही हा माणूस जवळजवळ वर्षभर, दर रविवारी, तिच्या घरापासून शंभर पावलांवर उभा होता. आणि बाकीचे सहा दिवस, सकाळी येताना आणि संध्याकाळी जाताना, माझ्या त्या खणाला घासून जात होता.