दुधनेच्या फुगवट्यावर पतंगाची ओढ

जालना स्टेशनवर उतरले तेव्हा वारा इतका होता, की फलाटावरच्या चहावाल्याने कागदी पेल्यांच्या चळतीवर दगड ठेवला होता. मी आले होते ती या वाऱ्यासाठीच. पण पुण्याहून निघाल्यापासून तो पडावा, अशीच मनातल्या मनात प्रार्थना चालली होती.

शीतल माझी कॉलेजातली मैत्रीण. जालन्यातल्या मस्तगड भागातल्या मारवाडी घरातली, वडिलांबरोबर बियाण्यांचं दुकान सांभाळणारी. मध्यंतरी ती तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जाऊन काइटसर्फिंग शिकून आली. मोठ्या पतंगाला स्वतःला अडकवून घ्यायचं, पायांत फळी घालायची आणि वाऱ्याच्या ओढीने पाण्यावरून धावायचं, असा तो खेळ. आता तिला तो इथेच, दुधनेच्या धरणाच्या फुगवट्यावर (धरणामागे पसरलेल्या पाण्यावर) शिकवायचा होता. वडिलांची एकच अट होती: आधी आपल्यातल्या कुणाला तरी शिकवून दाखव. ते ‘आपल्यातलं’ माणूस म्हणजे मी. पोहता येतं, पण तलावाचा कठडा हाताशी असेल तरच.

दुपारी जेवायला भाकरी आणि येसराची आमटी (येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांची आणि मसाल्याची पूड) होती. बाबूजींनी, म्हणजे शीतलच्या वडिलांनी, मला आग्रहाने वाढलं आणि हळूच विचारलं, “बेटा, घरी सांगून आलीस ना बराबर?” मी मान डोलावली आणि भाकरी कुस्करत राहिले.

जेवून आम्ही तिघं गाडीने निघालो; परतूरच्या पुढे डांबरी रस्ता सुटला. नांगरून ठेवलेली काळी रानं संपली आणि समोर एकदम पाणीच पाणी. मातकट, लाटांनी खवळलेलं. पलीकडच्या अंगाला बुडालेल्या बाभळींची वाळकी टोकं वर आली होती. वारा नेमका तिकडेच वाहत होता.

त्या दिवशी फक्त काठावर छोटा पतंग. “डोक्यावर, घड्याळात बारा वाजतात तिथं असला की गरीब असतो,” शीतल सांगत होती. “समोर खाली आणला की ओढतो. आणि घाबरलीस तर ही दोऱ्या बांधलेली हातातली दांडी सोडायची, धरायची न्हाई. सोडली की त्याचा जोर जातो.” ऐकायला सोपं होतं. पतंग समोर आणला आणि मी ढेकळांवर तोंडघशी पडले. बाबूजी झाडाखालच्या खुर्चीतून उठून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पाणी. हेल्मेट, जॅकेट, कमरेला रुंद पट्टा. पंपाने हवा भरलेला पतंग वर गेला तेव्हा खोलीभर सावली पडावी तशी सावली पाण्यावर सरकली. फळी नव्हती, आधी पतंगाकडून नुसतं ओढून घ्यायला शिकायचं होतं. शीतल छातीभर पाण्यात माझा पट्टा मागून धरून चालत होती आणि भाड्याची होडी थोड्या अंतरावरून येत होती.

मग वाऱ्याचा झोत आला. पट्टा तिच्या हातातून निसटला.

मी दांडी दोन्ही हातांनी छातीशी घेतली. बुडणारा माणूस जे करील तेच केलं. पतंग गिरकी घेऊन खाली झेपावला आणि मी पाण्यावरून फरफटत निघाले. नाकात पाणी, डोळ्यांत पाणी, आणि मधूनमधून दिसणाऱ्या बाभळी, प्रत्येक वेळी जवळ आलेल्या. मागून शीतलचा आवाज फाटत होता, “वैशू, सोड! मी सांगून राह्यले ना, सोड!”

बोटं माझी होती, पण ऐकत नव्हती. शेवटी एकेक करून उघडली. दांडी पुढे गेली, ओढ गेली, पतंग पाण्यावर पडून फडफडत राहिला. जॅकेटने मला वर धरलं होतं. इतकी शांतता झाली की मला माझ्या दातांचा आवाज ऐकू आला.

होडीने काठावर आणलं. बाबूजी चपलांसकट पाण्यात आले होते. “बस्स. बिलकुल बंद. काही झालं असतं तर हिच्या घरी काय तोंड दाखवलं असतं आपण?” शीतल खाली मान घालून पतंगातली हवा सोडायला लागली. तो फुसफुसत चपटा होत गेला आणि ती त्याच्याकडेच बघत राहिली.

घरी जावंसं वाटत होतं. तरी मी म्हणाले, “बाबूजी, तिने सांगितलं होतं तसं केल्यावर तो थांबला. मला परत जायचंय.”

“भीती न्हाई वाटत?”

“खूप वाटतेय.”

त्यांनी होडीकडे पाहिलं. मग म्हणाले, “मंग होडी जवळ ठेवा. एकदम जवळ.”

त्या दिवशी नाही, पण निघण्याच्या आदल्या दुपारी माझे पाय फळीवर होते. पतंग खाली आला, मी उभी राहिले. पायांखालून पाणी सरसर मागे जात होतं, आणि माझ्या तोंडून ओरडणं निघालं ते भीतीचं की आनंदाचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मग पडले.

पुण्यात परतले त्या संध्याकाळी बाल्कनीचं दार वाऱ्याने धाडकन आपटलं. आतून नवरा म्हणाला, “लाव ना ते दार.” मी गेले, पण लावलं नाही. तळवे भाजल्यासारखे दुखत होते, आणि मी चेहरा वळवून पाहत होते, वारा कुठून येतोय ते.