खालच्या आजींचं काम

तिकडे हिंदी मुलखात, वैशाली नगरमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, ते दोन हजार सालानंतरचे दिवस. नवऱ्याची विम्यातली नोकरी, आज इथे तर उद्या तिथे. घरमालक मराठीच होते, विधुर, निवृत्त डॉक्टर. खाली ते आणि नव्वदीला टेकलेली त्यांची आई, एवढंच घर. आई पूर्वी शाळेत शिकवायची असं डॉक्टरांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, म्हणून मराठी मंडळात आजींना बाई म्हणत.

एकदा हिवाळ्यात गच्चीवर उन्हात बसून मी मुलीच्या वेण्या घालत होते. "मान खाली, आता इकडे वळ, हलू नकोस," असा माझा पट्टा चालू. शेजारी बसलेल्या आजी हसायलाच लागल्या.

"आमचे डायरेक्टर अस्सेच ओरडायचे," म्हणाल्या.

कसले डायरेक्टर? मुलगी खाली खेळायला पळाली तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. कोल्हापुरात सोळाव्या वर्षापासून त्या मूकपटांत नायिका होत्या. पडद्यावर आवाज यायचाच नाही, त्यामुळे कॅमेरा फिरत असताना डायरेक्टर बाजूला उभा राहून खुशाल ओरडायचा. रड, डोळे पूस, दाराकडे बघ. मग बोलपट आले, यांचा आवाज घोगरा, काम बंद. त्यातच मूल पोटात आणि त्याचा बाप पसार. मुलाला घेऊन त्या इतक्या लांब आल्या, कारण इथे कुणी ओळखणार नव्हतं.

"एकसुद्धा फिल्म उरली नाही ग," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलानं माझं काम पाहिलेलंच नाही. मरायच्या आधी त्यानं एकदा बघावं."

"मग करून दाखवा की," मी म्हटलं. मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम जवळ आला होता. दुपारी गच्चीवर तालीम सुरू झाली. मी ओरडायची, त्या करायच्या. प्रवेश साधाच होता. मुलगा घर सोडून निघालाय, आणि आई त्याच्याकडे बघत बघत मागे सरकते. मी "रडा" म्हणायची. त्या रडायच्या नाहीत, नुसता पदर सारखा करायच्या, आणि डोळ्यांना पाणी माझ्या यायचं.

आजींनी डॉक्टरांना सांगितलं आणि ते तडक वर आले.

"वहिनी, मंडळात हा तमाशा नको. कोल्हापूरच्या शाळेत मला पोरं काय काय म्हणायची, तुम्हाला कल्पना नाही."

मी काय गप्प बसतेय! "डॉक्टरसाहेब, आता कुणाला काय पडलीय त्याचं? आणि त्यांना मंडळाला नाही, तुम्हाला दाखवायचंय."

"मला नाही बघायचं," म्हणाले आणि खाली गेले. माणूस वाईट नव्हता. आईच्या पायांना रोज तेल लावून द्यायचा. पण एवढी एक गोष्ट त्याच्या घशाखाली उतरत नव्हती.

तालीम बंद झाली असं मी समजून चालले. आजी तसं समजल्या नव्हत्या. संक्रांतीच्या सुमारास मी बाजारात गेलेली असताना त्या एकट्याच गच्चीवर गेल्या. मागे सरकताना जिना कुठे सुरू होतो ते कळलं नाही. खुब्याचं हाड मोडलं, मग छातीत कफ साठला, आणि काही दिवसांत गेल्या.

मंडळाच्या शोकसभेत त्यांच्या शिकवण्याचं कौतुक झालं. एकानं तर त्यांची शिस्तही वर्णन केली. डॉक्टर मान खाली घालून ऐकत राहिले. मला असा संताप आला की मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

तेराव्यानंतर एका दुपारी ते वर आले. मी चहा ठेवला, तो त्यांनी निवू दिला.

"ती गच्चीवर काय करत होती, ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्ही पाहिलंय ना तिचं काम?"

"पाहिलंय."

"मतलब... चांगली होती का?"

तोंडावर आलं होतं, हे त्यांनाच का नाही विचारलंत? पण सत्तरीचा तो माणूस खुर्चीच्या टोकावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"फार चांगल्या होत्या," मी म्हटलं.

"थोडंसं करून दाखवता?"

"मला नाही हो येत ते," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.