हातभर दोर

सानगडीच्या तलावावर रोज जाळं टाकणारा तो म्हातारा. नाव मी विचारलंच नाही. समुद्राच्या लाटांवर वीज करणाऱ्या माझ्या यंत्राचा छोटा नमुना तिथे पाण्यात होता. दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार होते आणि सकाळपासून नमुन्यावरचा दिवा काही लागेना.

म्हाताऱ्याने डोंगा जवळ आणला, विडी दातांत धरली आणि पाण्यात हात घातला. यंत्राचा तरंगता कॅन वाहून जाऊ नये म्हणून मी तो खांबाला आवळून बांधला होता.

"इतका कायले बांधला गा? पान्यासंगं हालू तं दे त्याले."

त्याने हातभर दोर सोडला, डोंगा डुलवून लाटा उठवल्या. कॅन वरखाली झाला, दिवा लुकलुकला. मी चिखलातच मटकन बसलो.

त्याने दिव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काठावरच्या माझ्या न उघडलेल्या डब्याकडे बोट करून म्हणाला, "घे गा, आता जेव."